खाऱ्या वाऱ्यात .२२ पिस्तूल: मॅगझीन मुठीत असावं की पुढे?

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत नेमबाजी शिकणारी बहुतेक मुलं १० मीटर एअर पिस्तुलापासून सुरुवात करतात. तिथला स्कोअर स्थिरावला की घरात २५ मीटरच्या .२२ (इंचातलं कॅलिबर) पिस्तुलाचा विषय निघतो. मग पारदिनी, वॉल्थर, मोरिनी, फाइनवर्कबाऊ, हेमर्ली अशी नावं कानावर यायला लागतात. जो तो आपल्या हातातलंच पिस्तूल उत्तम म्हणून सांगतो. खरं तर निवड नावांपेक्षा बांधणीची आहे. एका बांधणीत मॅगझीन (काडतुसांची पेटी) मुठीत जातं, दुसरीत ट्रिगरच्या पुढे. आपल्याकडे त्यात आणखी एक प्रश्न येतो, तो कुठल्याच कॅटलॉगात छापलेला नसतो: जून ते सप्टेंबर हे पिस्तूल कोरडं कसं राहणार?

आधी आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे (आयएसएसएफ) नियम, कारण मनात भरलेलं पिस्तूल मोजमापात बसलं नाही तर सगळंच फुकट. २५ मीटरच्या प्रकारांत पिस्तूल ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या चौकटीत बसलं पाहिजे. रिकामं मॅगझीन धरून वजन १,४०० ग्रॅमच्या आत हवं, ट्रिगरचा ओढ (गोळी सुटायला त्यावर लागणारा जोर) किमान १,००० ग्रॅम, बॅरल जास्तीत जास्त १५३ मिलिमीटर आणि पुढच्या-मागच्या साईटमधलं अंतर २२० मिलिमीटरच्या वर नको. अमेरिकन स्मिथ अँड वेसन मॉडेल ४१ इथेच अडकतं. त्याची ७ इंची बॅरल १७८ मिलिमीटर भरते, म्हणजे ती बाद. साडेपाच इंची बॅरलवालं चालू शकेल. घेण्याआधी नियमपुस्तकाची चालू आवृत्ती उघडून प्रत्येक माप स्वतः पट्टीनं तपासा. विकणाऱ्याच्या तोंडी हमीवर जाऊ नका.

आता बांधणी. दोन्ही प्रकार ब्लोबॅकवरच चालतात. गोळी पुढे सुटते, काडतुसाचं रिकामं कवच मागे रेटलं जातं, ते बोल्टला (मागून बॅरल बंद करणाऱ्या सरकत्या ठोकळ्याला) ढकलतं, एक्स्ट्रॅक्टर कवच धरून ओढतो, इजेक्टर ते बाहेर फेकतो आणि परतीच्या स्प्रिंगनं बोल्ट पुढे येताना मॅगझीनमधलं नवं काडतूस चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाच्या घरात) सारतो. फरक आहे तो हा सगळा संसार हाताच्या संदर्भात कुठे मांडलाय त्याचा.

मुठीत मॅगझीन असलेल्या घराण्यात हेमर्ली २०८, मॉडेल ४१, रुगर मार्क मालिका आणि सोव्हिएत बनावटीचं मार्गोलिन ही नावं येतात. मार्गोलिनचा रचनाकार मिखाईल मार्गोलिन दृष्टिहीन होता. सुटे भाग हातानं चाचपत त्यानं हे पिस्तूल घडवलं, आणि ते हातात घेतलं की मांडणीतला साधेपणा लगेच जाणवतो. या घराण्याची ताकदच साधेपणात आहे. भाग कमी, मॅगझीन नेहमीच्या जागी. नवख्याला भरणं, रिकामं करणं, चेंबर दाखवणं पटकन जमतं. एकच पिस्तूल सहा-सात मुलांच्या हातांतून जाणार असेल तर क्लबासाठी हा प्रकार चांगला.

त्याचा तोटा मुठीतच आहे. मॅगझीनला जागा द्यायची म्हणून मूठ एका मापाखाली बारीक करता येत नाही आणि तिचा कोनही मॅगझीनच्या कोनाला बांधलेला राहतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात हे पिस्तूल दिलं की बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर नीट पोचत नाही. ते पोचावं म्हणून ती सगळी मूठच उजवीकडे फिरवते. मग बॅरल मनगटाच्या रेषेत राहत नाही आणि प्रत्येक गोळीला पिस्तूल थोडं बाजूला उडी घेतं. प्रशिक्षक महिनाभर "ट्रिगर सरळ ओढ" म्हणत राहतात, आणि दोष मात्र मुठीच्या जाडीचा असतो.

पुढे मॅगझीन असलेल्या घराण्यात वॉल्थर जीएसपी, पारदिनी एसपी, मोरिनी सीएम २२ एम आणि फाइनवर्कबाऊ एडब्ल्यू ९३ येतात. जीएसपी १९६०च्या दशकाच्या अखेरीस आलं आणि ही मांडणी रूढ होण्यात त्याचा मोठा वाटा आहे. एडब्ल्यू ९३ मूळ रशियन रचनेवरून जर्मनीत बेतलं गेलं. यांत मॅगझीन ट्रिगर-गार्डच्या पुढे खोचतात, त्यामुळे मूठ पूर्ण मोकळी होते. अक्रोडाची शारीरिक घडणीची ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा मापांत मिळते आणि ती कानशीनं हवी तशी घडवता येते. बॅरल हाताच्या अगदी जवळ, खाली बसते. झटका आला तरी तो मनगटाला वर फिरवत नाही, सरळ मागे तळव्यात येतो. पाच काडतुसांचं भरलेलं मॅगझीन पुढे असल्यानं वजनही किंचित पुढे झुकतं आणि साईट लवकर स्थिर होते.

याचा उपयोग कुठे होतो ते सामन्याची वेळ पाहिली की कळतं. २५ मीटर पिस्तूल प्रकारात पहिल्या ३० गोळ्या निवांत असतात, पाच-पाचच्या सहा मालिका, प्रत्येकीला पाच मिनिटं. पुढच्या ३० गोळ्यांत लक्ष्य ३ सेकंद दिसतं, ७ सेकंद लपतं आणि प्रत्येक वेळी हात ४५ अंशांखालून वर आणून एकच गोळी झाडायची. तिथे दोन्ही बांधणींत फार फरक पडत नाही. पण पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या ८, मग ६, मग ४ सेकंदांत टाकायच्या असतात. त्यात पिस्तूल एका गोळीमागे किती उडतं आणि किती लवकर परत बसतं, हाच सगळा खेळ. स्टँडर्ड पिस्तूलच्या १० सेकंदांच्या मालिकांचंही तेच. ज्याला पुढे या प्रकारांत उतरायचंय त्यानं पुढच्या मॅगझीनचंच घ्यावं. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण मिळवल्यापासून हा प्रकार निवडणाऱ्या मुलींनी तर मूठ कोरून घेता येईल असंच पिस्तूल निवडावं.

मग कोकणात सरसकट पुढच्या मॅगझीनचंच घ्यावं का? बहुतेकांनी हो. पण एक अट आहे, आणि ती या परीक्षणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ते पिस्तूल तुम्हाला स्वतःच्या हातानं, दहा-पंधरा मिनिटांत, चुका न करता पूर्ण उघडता आलं पाहिजे. ज्या पिस्तुलाचा बोल्ट आणि परतीची स्प्रिंग बाहेर काढून पुसता येत नाही, ते खाऱ्या हवेत दोन पावसाळे नीट काढत नाही. पुढच्या मॅगझीनच्या पिस्तुलांत बोल्ट बॅरलच्या मागच्या बंद घरात सरकतो. बाहेरून सगळं चकचकीत दिसतं आणि आत स्प्रिंगवर तांबूस पूड साचलेली असते. मुठीतल्या मॅगझीनच्या पिस्तुलांतही सगळी सारखी नाहीत. रुगरची जुनी मार्क १ ते ३ पिस्तुलं उघडायला सोपी आणि परत जोडायला किचकट म्हणून ओळखली जातात. २०१६च्या मार्क ४मध्ये एका बटणावर उघडायची सोय आली, ती त्याच कारणानं. पिस्तूल पसंत करताना दुकानात किंवा क्लबात विकणाऱ्यासमोर ते दोनदा उघडून जोडून दाखवा. दुसऱ्या वेळी अडखळलात तर ते पिस्तूल तुमचं नाही. वरळीच्या किंवा बालेवाडीच्या रेंजवर मदतीला चार जाणती माणसं सापडतील, गुहागरात किंवा देवगडात ती हाताशी असतीलच असं नाही.

ट्रिगरचा भाग वेगळा काढता येतो का, तेही बघा. जीएसपीमध्ये ट्रिगरची पूर्ण जुळणी एक सुटा घटक म्हणून बाहेर येते. पावसाळ्यात ही सोय फार मोलाची. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरबद्दल थोडक्यात सांगायचं तर किनाऱ्यावरच्या पहिल्या .२२साठी तो नको. ओढ स्वच्छ असतो यात शंका नाही, पण बॅटरीच्या टोकांवर हिरवट थर चढतो आणि बिघाड झाला की घरी काहीच करता येत नाही. यांत्रिक ट्रिगर घ्या, दोन टप्प्यांचा. पहिला टप्पा ७०० ग्रॅमच्या आसपास आणि उरलेला ओढ दुसऱ्यावर, ही मांडणी नवख्याला सोसते.

ओढ १,००० ग्रॅमवर नेमका लावू नका. १,०३० ते १,०५० ठेवा. तपासणीत बॅरल उभी धरून ट्रिगरला वजन टांगतात आणि ते उचललं गेलं पाहिजे. दमट दिवशी, तेल बदललं असताना, स्प्रिंग थोडी बसली असताना वीस-तीस ग्रॅम सहज खाली येतात. ओढ हलका करायचा म्हणून सिअरची, म्हणजे काडतूस पेटवणाऱ्या हॅमरला अडवून धरणाऱ्या खटक्याची, पकड कमी करणारा स्क्रू पिळायचा तर मुळीच नाही. सिअर आणि हॅमरचा सांधा केसभर उरला की बोल्ट पुढे आदळताना हॅमर आपोआप सुटू शकतो आणि एका ओढीत दोन गोळ्या जातात. हे फार घातक आहे. सिअरचा स्क्रू कंपनीच्या खुणेवर ठेवा आणि वजन फक्त वजनाच्या स्क्रूनं बदला.

ग्रिपवर थोडं थांबू. नवी ग्रिप तशीच्या तशी कुणाच्याच हाताला बसत नाही. तळव्यावर पिठी किंवा खडूची पूड चोळून पिस्तूल धरा, सोडा आणि लाकडावर पूड कुठे लागली ते बघा. जिथे लागली नाही तिथे पोकळी आहे, ती एपॉक्सी पुट्टीनं भरायची. जिथे दाट लागली तिथे दाब जास्त, ती जागा अर्धगोल कानशीनं उतरवायची. एका बैठकीत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त काढू नका, मग आठवडाभर झाडून बघा. तळव्याखालचा आधार ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करून वर वळता कामा नये आणि मनगटाला कुठूनही टेकू मिळता कामा नये, नाहीतर तपासणीत पिस्तूल परत येतं. घासलेलं लाकूड उघडं राहिलं तर पावसाळ्यात फुगतं, मे महिन्यात आक्रसतं आणि ग्रिपचा स्क्रू हलका सुटतो. घासकाम झालं की जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. व्हार्निश मात्र लावू नका, घामट हातातून ते निसटतं.

याच ग्रिपच्या आत गंजाची खरी जागा आहे. घाम तळव्यातून लाकडात मुरतो, लाकूड तो धरून ठेवतं आणि त्याच्या मागे फ्रेमचं स्टील असतं. सहा महिने ग्रिप न काढलेल्या पिस्तुलाची ग्रिप काढा. स्टीलवर लाकडाच्या काठाचा आकार तांबूस रेषेनं उमटलेला दिसेल, आणि मेनस्प्रिंगच्या टोकाशी ओलसर काळा चिकटा. फ्रेम ॲल्युमिनियमची असली तरी सुटका नाही. ॲल्युमिनियमात स्टीलचा स्क्रू आणि मध्ये खारट ओल, की स्क्रूच्या भोवती पांढरी भुकटी जमते आणि स्क्रू जाम होतो. नवं पिस्तूल घरी आलं की पहिल्याच दिवशी असे स्क्रू काढून आट्यांना ग्रीसचं बोट लावून परत बसवा. पावसाळ्यात दर पंधरवड्याला ग्रिप काढून फ्रेम तेलाच्या फडक्यानं पुसा.

तेलाबद्दल एक गैरसमज आपल्याकडे पक्का बसलाय. कोयती, विळी, आडकित्ता यांना खोबरेल लावतात म्हणून पिस्तुलालाही चालेल असं वाटतं. चालत नाही. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, म्हणजे पुसलेलं पिस्तूल एसी खोलीत किंवा घाटावरच्या थंडीत नेलं की बोल्ट जड होतो. शिवाय ते हवेनं खवट होऊन चिकट थर धरतं आणि त्यात बारूदाची काजळी बसते. शस्त्रांचं खनिज तेल घ्या. ते संपलं तर शिवणयंत्राचं पातळ तेल आठवडाभर काम भागवतं. तेल लावायचं म्हणजे ओतायचं नाही. बोल्टच्या सरकपट्ट्यांवर एकेक थेंब आणि बाकी सगळीकडे फडक्यानं जेमतेम ओलावा.

बॅरलसाठी दोरी हवी. पुढच्या मॅगझीनच्या पिस्तुलात मागच्या बाजूनं सळई घालायला सहसा जागा नसते आणि तोंडाकडून सळई घातली की बॅरलच्या तोंडाची कड झिजते. तिथेच अचूकता ठरते. मासेमारीची तंगूस घ्या, एक मिलिमीटर जाडीची, दोन फूट. दुहेरी करून चेंबरमधून तोंडाकडे काढा, फासात कापडाचा तुकडा अडकवा आणि चेंबरकडून तोंडाकडेच ओढा. .२२ची गोळी शिशाची आणि वर मेणाचा लेप असतो. तो लेप बॅरलमध्ये पातळ थर धरतो, आणि तो थर रोज खरवडून काढायची गरज नाही. सरावानंतर एक कोरडं कापड, मग एक तेलाचं, बस्स. पुढच्या वेळी झाडण्याआधी मात्र कोरडं कापड ओढायला विसरू नका.

मेणाचा हा लेप एप्रिल-मेच्या उकाड्यात मऊ होतो. काडतुसांचा डबा उन्हात उभ्या गाडीत राहिला किंवा पुळणीजवळच्या बाकावर उघडा ठेवला, तर वाळूचे बारीक कण त्याला चिकटतात आणि बॅरलमध्ये कानशीचं काम करतात. काडतुसं स्टँडर्ड व्हेलॉसिटीची घ्या, गोळीचा वेग साधारण ३२० ते ३३० मीटर प्रतिसेकंदाचा. हाय व्हेलॉसिटी स्वस्त मिळाली तरी स्पोर्ट पिस्तुलात घालू नका. बोल्ट मागे जोरात आदळतो आणि त्यामागचा रबरी किंवा प्लास्टिकचा बफर चुरा होतो. बफर दर हंगामाच्या सुरुवातीला काढून बघा, कड तुटली असेल तर बदला. पिस्तुलासोबतच दोन बफर, एक परतीची स्प्रिंग, एक एक्स्ट्रॅक्टर, एक फायरिंग पिन आणि एक जादा मॅगझीन मागवून ठेवा. हेमर्ली २०८सारख्या उत्पादन थांबलेल्या पिस्तुलात हाच मोठा अडथळा. पिस्तूल सोन्यासारखं असतं, पण एका स्प्रिंगपायी हंगाम जातो.

काय बिघडतं आणि का, हे ओळखता आलं पाहिजे. कवच पूर्ण बाहेर न पडता उभं अडकलं, तर बहुतेक वेळा बोल्ट पुरेसा मागे गेलेला नसतो. काडतूस कमजोर, तेल घट्ट किंवा चेंबर मेणानं भरलेलं. नवं काडतूस वर येताना नाक खाली करून अडलं, तर मॅगझीनचे ओठ वाकलेत किंवा भरताना खालच्या काडतुसाची किनार वरच्याच्या किनारीपुढे गेलीय. .२२ला किनार असते, म्हणून भरताना प्रत्येक काडतूस आधीच्याच्या किंचित पुढे बसवायचं. चाप ओढला, टक् आवाज आला आणि गोळी सुटली नाही, तर पिस्तूल लक्ष्याकडेच धरून ३० सेकंद थांबा. उशिरानं पेटणारं काडतूस असू शकतं. मग ते काढून किनारीवरचा ठसा बघा. ठसा फिका असेल तर फायरिंग पिन झिजली किंवा तिच्या वाटेत मळ बसलाय. ठसा खोल असूनही पेटलं नसेल तर काडतूसच सदोष, किंवा त्याला ओल लागलेली. स्पर्धेत असं झालं तर स्वतः खटपट न करता, पकड न सोडता, पिस्तुलाचं तोंड लक्ष्याकडेच ठेवून दुसरा हात वर करा. पिस्तुलाला दुसरा हात लावलात तर पुन्हा झाडायची संधी जाऊ शकते.

कोरडा सराव (काडतुसाशिवाय चाप ओढायचा) सगळे करतात, .२२मध्ये जपून करावा. फायरिंग पिन काडतुसाच्या किनारीवर मारते. काडतूस नसेल तर काही पिस्तुलांत ती सरळ चेंबरच्या कडेवर आदळते आणि तिथे खाच पडते. मग कवच अडकायला लागतं. कोरड्या सरावाची सोय पिस्तुलात आहे का, हे घेतानाच विचारा. जुनं पिस्तूल घेताना टॉर्च आणि भिंग घेऊन हीच कड पहिली बघा. मग बॅरलमधून घट्ट कापड हळू ओढा. मध्येच एका जागी ते सैल सरकलं तर बॅरल तिथे फुगलीय, घेऊ नका. रिकामं पिस्तूल, चाप ओढून धरलेला, बोल्ट मागे नेऊन सोडा, मग चाप हळू सोडा: हॅमर अडकून राहिल्याचा बारीक आवाज यायला हवा. शेवटी ग्रिप काढायला सांगा. "त्यात काय बघायचंय" म्हणणाऱ्या मालकाकडून पिस्तूल घेऊ नये. व्यवहार ठरला तरी परवान्यावर नोंद होईपर्यंत ते हातात घ्यायचं नाही.

साठवणीचं सांगायचं तर फोम बसवलेली जी पेटी पिस्तुलासोबत येते ती प्रवासासाठी आहे, घरासाठी नाही. फोम ओल धरतो. चामड्याचं कव्हर त्याहून वाईट. रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या, त्यात पाव किलो सिलिका जेल कापडी पुरचुंडीत ठेवा. रंग बदलणारं नारिंगी जेल घ्या. हिरवट झालं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवलं की परत नारिंगी होतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यांजवळ आणू नका. डबा कुलपाच्या लोखंडी कपाटात, काडतुसं वेगळ्या कुलपात. कपाटात शून्याचा बल्ब लावला तर आतली हवा बाहेरपेक्षा किंचित गरम राहते आणि बुरशी धरत नाही, पण दिवसातून तीनदा वीज जाणाऱ्या गावात भिस्त जेलवरच ठेवा. एसी गाडीतून थेट रेंजवर पिस्तूल उघडलं की थंड स्टीलवर दव धरतं, आतल्या बाजूलाही. पेटी बंदच ठेवून अर्धा तास थांबा.

घरी स्वसंरक्षणाच्या परवान्यावर .३२ पिस्तूल असलेले लोक हमखास विचारतात की त्यावरच खेळता येईल का. सरकारी कारखान्याचं अशनी असो वा दुसरं कुठलं, ते .३२ एसीपी काडतुसाचं असतं. सेंटर फायर प्रकारात (यात पिन काडतुसाच्या किनारीवर नाही, तळाच्या मध्यावर मारते) ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरचं कॅलिबर चालतं, त्यामुळे आकड्यावर ते बसतं. पण छोट्या, फिरवता न येणाऱ्या साईट, जड ओढ आणि अरुंद मूठ यांवर स्कोअर होत नाही. स्पोर्ट पिस्तुलाचं .३२ म्हणजे एस अँड डब्ल्यू लाँग वॉडकटर (सपाट नाकाच्या गोळीचं), ते वेगळं काडतूस आहे. एकाचं दुसऱ्यात घालायचा विचारही करू नका.

परवान्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, पोलिसांची चौकशी होते. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षं झाली आहे. हे सगळं होईपर्यंत क्लबाच्या पिस्तुलावर सराव करा, शक्य झालं तर दोन्ही बांधणींवर किमान ५००-५०० गोळ्या. ज्यांना थांबायचं नाही त्यांच्यासाठी स्टायर एलपी ५०सारखं पाच गोळ्यांचं स्वयंभरण एअर पिस्तूल हा पर्याय आहे. ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलच्या आत असल्यानं त्याला शस्त्रपरवाना लागत नाही, आणि झपाझप पाच गोळ्यांची लय त्यावर बसते. त्याच्या सिलिंडरमध्ये हवा भरताना कंप्रेसरला ओल टिपणारा फिल्टर हवाच. आपल्या हवेत तो नसेल तर सिलिंडरमध्ये पाणी जातं आणि व्हॉल्व्हला आतून गंज चढतो.

दोन पर्यायांमध्ये शेवटी निवडायचंच तर: लहान हात आणि पुढे रॅपिड फायरचा विचार असेल तर चांगल्या अवस्थेतलं जुनं जीएसपी किंवा पारदिनी एसपी, यांत्रिक ट्रिगर आणि लहान मापाच्या ग्रिपसह. हात मोठा, खेळ मुख्यतः निवांत मालिकांचा आणि पिस्तूल अनेकांनी वापरायचं असेल तर मुठीतल्या मॅगझीनचं, पण सुटे भाग आजही मिळतात असं.

आगोटीची तयारी सुरू झाली, लाकूडफाटा आत घेतला, सुकी मासळी डब्यात गेली, की त्याच आठवड्यात पिस्तूलही पूर्ण उघडा. मृग लागायच्या आत प्रत्येक भागावर तेलाचा हात द्या, स्प्रिंगा पुसा, जेल तापवून घ्या. निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि शस्त्र ठाण्यात जमा करायची वेळ आली तर खेळाडू म्हणून सूट मागता येते. ती मिळाली नाही तर पिस्तूल फोमच्या पेटीतून काढून, ग्रीस चोळून, मेणकागदात गुंडाळून मगच द्या आणि पावतीवर क्रमांक नीट वाचून घ्या. गणपतीनंतर सराव पुन्हा सुरू होईल तेव्हा बॅरलमधून दोन कोरडी कापडं ओढा, ग्रिपचा स्क्रू आवळा, ट्रिगरला वजन लावून बघा. त्यानंतरच्या पहिल्या पाच-दहा गोळ्या एका जागी बसणार नाहीत, कारण बॅरलमधला मेणाचा थर नव्यानं धरायचा असतो. त्यावर साईट फिरवू नका.